पखवाजावरचा कोंबडा

मामा, तुझ्या पखवाजाला माझी वायर अजून तशीच लटकते आहे. मामी परवा म्हणाली, "तुझं ते काय ते काढून ने गं, मला बघवत नाही." मी हो म्हटलं, चहा प्यायले आणि तशीच मुलुंडला परत आले. काढायला असा काय वेळ लागणार? दोन बाजूंच्या दोन चकत्या आणि मधली वायर, झालं. पण ती काढली की आपलं भांडण मिटलं असं होईल, आणि ते मिटलेलं नाही. तू ते अर्धवट टाकून गेलास. भांडणातून असं उठून जायचं नसतं रे.

भेटायला येणारे सगळे तुला देवमाणूस म्हणतात. मला ऐकून राग येतो. देवमाणूस कुठला, महाहट्टी होतास तू. मुलुंडच्या वर्कशॉपात लेथ मशीनवर उभा जन्म काढलास आणि घरी आल्यावर कांजूरच्या त्या खोलीत गावच्या भजनी मंडळाचा पखवाज मांडून बसायचास. लेथवर सुताएवढी चूक चालत नाही म्हणून पखवाजावरही चालवून घ्यायची नाही, आणि पखवाजावर चालत नाही म्हणून माझ्या आईने केलेल्या आमटीतही नाही. तुझी बहीण होती म्हणून तिने ऐकून घेतलं. मी भाची, मी उलट बोलायचे, आणि तुला ते आवडायचं, हे मला माहीत होतं.

तुला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला तेव्हा तू रडला नाहीस. डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, दाबत बसायला. तू तो शेजारच्या बाळाला देऊन टाकलास. "चेंडू दाबूक मी काय ल्हान पोर?" म्हणालास. पाटीवर पेन्सिल फिरवायला सांगितलं तर पाटी माळ्यावर गेली. मामी रोज माझ्याशी फोनवर भांडायची, जणू काही तू माझंच ऐकणार होतास. पखवाजाला मात्र तू हात लावत नव्हतास. गवसणी घालून, भिंतीकडे तोंड करून ठेवला होतास त्याला. मंडळाने गणपतीतल्या भजनाला तुला विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "हात इलो तर बघू." तो येण्यासाठी काही करायचं मात्र नाही.

माझं काम गेम बनवायचं. अंधेरीतल्या एका ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे गेम बनवते आणि सुट्टीच्या दिवशी माझा स्वतःचा. तुला ते काम कधीच पटलं नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर "कॉम्प्युटरमधी आसा" एवढंच सांगायचास. माझा गेम साधा होता: एक कोंबडा पळतोय, कारण त्याला कापून त्याची सागुती करणार आहेत, आणि तो पत्र्यांवरून, टाक्यांवरून, गच्च्यांवरून उड्या मारत सुटलाय. मध्ये फट आली की बटण दाबायचं, उशीर झाला की कोंबडा खाली. मोबाईलवर बटण, आणखी कशावर काही वेगळं. मला एकदा वाटलं, बटणाऐवजी पखवाज का नको?

बर्थडेचं कार्ड उघडल्यावर गाणं वाजतं ना, त्यात एक पातळ पितळी चकती असते. तिला धक्का बसला की कॉम्प्युटरला कळतं. तशा दोन आणल्या, एक उजवीकडे शाईच्या बाजूच्या कडेला, एक डावीकडे धुमाच्या. डाव्या हाताच्या थापेवर कोंबडा पळणार, उजव्या हाताच्या थापेवर उडी मारणार. तू पलंगावरून बघत होतास, तोंड वाकडं करून. मग म्हणालास, "काय गो, ह्यो कोंबडो माझ्या थापेवर उडतलो?" मी म्हटलं, उडतलो. तू म्हणालास, "मगे सागुती कधी?" आणि खाली उतरलास. झटक्यानंतर पहिल्यांदा तू आपणहून जमिनीवर बसलास. मामी स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पहिल्या रविवारी कोंबडा पळेचना. मी वायर तपासली, लॅपटॉप बंद करून चालू केला, घाम फुटला मला. तू धुमावरची कणीक बोटाने खरवडलीस आणि चाखलीस. पखवाजाला डाव्या बाजूला कणीक लावावी लागते, तर मामीने आपली रात्रीच्या चपात्यांचीच दिली होती, मीठ-तेल घातलेली. ती घसरून माझ्या चकतीवर जाऊन बसली होती. "तेलाची कणीक लावलंस तर पखवाज बोलात कसो? कोंबडो काय चपाती खाता?" तू ओरडलास आणि मामी आतून म्हणाली, "मग मळा की स्वतःच!" तर तू खरंच मळलीस. एका हाताने सुरू केलीस आणि मग दुसराही परातीत गेला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तुझ्यासमोर काही चांगलं झालं तर त्याचं नाव काढायचं नाही, एवढं आम्ही शिकलो होतो.

मग रविवार म्हणजे कोंबडा असं ठरूनच गेलं. वारा कचऱ्याच्या डंपिंगकडून असला की खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या आणि तू खूश व्हायचास, कारण तुझी चुकलेली थाप शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही. भजनी ठेका धरायचास, डावा हात पूर्वीसारखाच, आणि उजवा मागून लंगडत यायचा. कोंबडा पडायचा, तू त्याला आईवरून शिवी द्यायचास आणि पुन्हा पहिल्या पत्र्यापासून. मला तुझ्याकडे बघत बसायला आवडायचं. लहानपणी भजनाला तुझ्या मांडीला टेकून झोपायचे तेव्हा वरून तुझी हनुवटी दिसायची, तालात हलणारी. तीच हनुवटी आता माझ्या कोंबड्यासाठी हलत होती. मामा, माझ्या कामाचा मला एवढा अभिमान दुसऱ्या कुणामुळे वाटला नाही, आणि हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, "गप, खेळाक दी."

मग एक दिवस तू मध्येच थांबलास. कोंबडा पलीकडच्या पत्र्यावर सुखरूप होता. तू पडद्याकडे बोट केलंस.

"माझी थाप उशिरा पडली."

"उडला ना पण."

"ताच विचारतंय. तो पडाक होयो होतो. उडलो कसो?"

इतक्या माणसांनी तो गेम खेळून बघितला होता, ऑफिसातल्या पोरांनीसुद्धा. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी तुला समजावून सांगितलं, की सगळ्याच असल्या गेममध्ये एक मोकळीक ठेवलेली असते. कोंबड्याचा पाय पत्र्यावरून सुटला तरी पापणी लवेपर्यंत आम्ही त्याला पत्र्यावरच आहे असं धरतो. तेवढ्यात बटण दाबलं तर उडी मान्य. खेळणाऱ्याला कळत नाही, त्याला वाटतं आपणच वेळेवर होतो. तसं नाही ठेवलं तर लोक चिडतात, गेम सोडून देतात.

"सगळ्यांका देतास?"

"सगळ्यांना. तुझ्यासाठी वेगळं काही नाही केलं, शप्पथ."

"सगळ्यांका दी. माका नको. काढ ता."

मी म्हटलं, अरे कशाला, खेळच आहे. तेव्हा तू जे बोललास ते मला जसंच्या तसं आठवतंय. "माझ्या हातान उडलो काय तुझ्या दयेन, ताच माका कळाक होया. नायतर मी हय कित्याक बसलंय?" मग मामीकडून मला कळलं, की तू मंडळाच्या बुवांना काय सांगून ठेवलं होतंस. शेवटचं छप्पर ओलांडलं की मी मंडळात येतो, असं. एका कोंबड्यावर तू आपलं सगळं लावून बसला होतास आणि मला वाटत होतं आपण मजा करतोय.

मी मोकळीक काढली, तुझ्यादेखत. तू मुद्दाम उशिरा थाप मारून बघितलीस, कोंबडा धप्पकन पडला, आणि तू मान डोलावलीस. मग पडतच राहिला. आधी जिथपर्यंत पोचायचास तिथपर्यंतही पोचेनास. किती रविवार गेले तसे, मामी मला जिन्यात गाठून म्हणायची, "घाल गं परत ते काय ते, काय फरक पडतो? हे रात्री जेवत नाहीत." मला घालता आलं असतं. मी नाही घातलं. तू मागितलं होतंस म्हणून नाही घातलं, आणि कोंबडा पडला की मी पडद्यावरून नजर काढून घ्यायचे.

दाजी बुवांबद्दल इथे सांगायला हवं. तुमच्या मंडळाचे बुवा, तुझ्याहून मोठे, गोड गळ्याचे. वय झालं तसा त्यांचा दम कमी पडायला लागला आणि गजरात ते एखादी मात्रा खायचे, समेवर एक ठोका आधीच पोचायचे. मी कॉलेजात असताना एकदा ताल मोजत बसले होते, तर तुझा ठेका मध्येच आखडला. घरी येताना मी तुला चिडवलं, "मामा, आज चुकलास!" तू म्हणालास, "चुकलंय तर चुकलंय." पुढे दोन-तीन भजनांत लक्ष देऊन ऐकलं तेव्हा उमगलं, की चुकायचे बुवा आणि तू ठेका मुडपून त्यांच्या समेवर जाऊन उभा राहायचास. ऐकणाऱ्याला वाटायचं, चुकला तर पखवाजवाला. बुवांना वाटायचं, सगळं बरोबर आहे. त्यांना तू इतकी वर्षं सांभाळून घेतलंस आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस.

आणि मग तो रविवार. मामी भाजी निवडत होती. तुला थोडी सर्दी होती, खेळायचा मूडही नव्हता, तरी बसलास. ठेका पहिल्यापासूनच वेगळा होता, माझ्या आधी मामीच्या लक्षात आलं, तिचा हात थांबला. उजवी थाप स्वच्छ पडत होती. पत्रे गेले, टाक्या गेल्या, गच्ची गेली. शेवटच्या छपराआधीची फट मी मुद्दाम मोठी ठेवली होती, तिथे अगदी कडेवर पाय असतानाच थाप पडावी लागते. पडली. कोंबडा गेला पलीकडे आणि पडद्यावर झेंडूची फुलं उधळली, ती मी केव्हा बनवली होती तेच विसरून गेले होते, कारण तिथवर तू कधी पोचलाच नव्हतास.

मी ओरडले. मामीने देवाला हात जोडले. तू मात्र हात पखवाजावरून उचलून मांडीवर ठेवलास.

"परत घातलंस ता."

"काय?"

"तुझी ती मोकळीक. मामीन सांगल्यान आसतला. परत घातलंस."

मी नाही म्हटलं. शपथ घेतली, मामीची, माझ्या आईची. म्हटलं, पुन्हा खेळ, मुद्दाम उशिरा मार, पडतो की नाही बघ. तू म्हणालास, "पुरे झाला." मला तेव्हा तो नुसता आडमुठेपणा वाटला. आता वाटतं, तू घाबरला होतास. पुन्हा खेळलास आणि खरंच मोकळीक निघाली, तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं. मी चिडले. एवढे रविवार मनावर दगड ठेवून बसले आणि हा माणूस मलाच खोटी पाडतो! मी म्हणाले, "तू बुवांना सांभाळून घेतोस ते चालतं, आणि मी घेतलं असतं तर ती दया?"

मला वाटलं तू उसळशील. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस, रागाने नाही, कसं ते मला अजून नीट सांगता येत नाही, आणि म्हणालास, "बुवांका मी कधी सांगलंय?"

एवढंच. मग उठून पलंगावर जाऊन पडलास, भिंतीकडे तोंड करून. मी पर्स घेतली आणि निघाले. रिक्षात मला तुझ्या बोलण्याचा अर्थ लागला. ज्याला सांभाळून घ्यायचं त्याला सांगायचं नसतं, विचारलं तरी नाही म्हणायचं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी कितीही शपथा घेतल्या असत्या तरी उपयोग नव्हता. खोटं बोलणारीनेही त्याच घेतल्या असत्या.

घरी येऊन मी आधी लॅपटॉप उघडला. तुझं ऐकून मलाच शंका यायला लागली होती, चुकून काही राहिलं का म्हणून. सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. मोकळीक बंद होती. तुला फोन करायचा मनात आलं, पण फोनवर तू नुसता "बरा, बरा" म्हणतोस आणि ठेवतोस. शिवाय मी रुसले होते. पुढच्या रविवारी समोर बसवून पटवून देईन, म्हटलं. गुरुवारी सकाळी मामीचा फोन आला. चहाचा कप तुझ्या हातातच होता म्हणे.

बाराव्याच्या संध्याकाळी मंडळ आलं. बुवा जिना चढून दमले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारी त्येचो फोन इललो गो. यंदा दुसरो पखवाजवालो बघा म्हणालो. हात काय येवक नाय, भाची लाड करता." म्हणजे तू तसाच गेलास, मामा. तुझा हात परत आला होता आणि तुला तो आला नाही असं वाटत होतं.

दुसरा पखवाजवाला घाटकोपरचा होता, चांगला तयार माणूस, हात वजनदार. आपला पखवाज घेऊन आला होता. बुवांनी सुरुवात केली. तुझा फोटो, हार, उदबत्ती, खोली माणसांनी भरलेली, आणि मी कोपऱ्यात. गजर आला आणि बुवांनी मात्रा खाल्ली. पखवाज सरळ पुढे निघून गेला, त्याचं काय चुकलं? बुवा एकीकडे, सम एकीकडे, टाळ विस्कटले. बुवांनी पुन्हा उचललं, पुन्हा तेच झालं. मग ते थांबले. लोकांना वाटलं, दुःखाने आवाज फुटेना. मामी तोंडाला पदर लावून रडायला लागली. बुवांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं फक्त मी. त्यांना काहीतरी कळत होतं.

सगळे निघाले तेव्हा ते दारापाशी थांबले. चपला घालायच्या राहिल्या होत्या. हळू आवाजात म्हणाले, "बाय, एक विचारतंय, खरा सांग. तू लहानपणापासून मामाच्या बाजूक बसलंस. माझी मात्रा जाता काय? आदीपासून जायची?"

म्हातारा माणूस, मामा. गावात, मुंबईत, गणपतीत, सत्यनारायणाला, कुठे कुठे गायलेत ते. डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणाले, "काहीतरीच काय बुवा! आज तुमचा गळा भरून आला होता. आणि त्या माणसाला तुमची चाल कुठे माहीत आहे?"

"होय मा?"

"हो तर. मामा असता तर म्हणाला असता, बुवा अजून पक्के आहेत."

ते हसले. कठड्याला धरून जिना उतरले, खाली पोचेपर्यंत काहीतरी गुणगुणत होते.

मी दार लावून तिथेच उभी राहिले. किती सहज जमलं मला. आवाज हलला नाही, नजर हलली नाही. तू मला असंच करताना डोळ्यांसमोर आणलं असशील त्या रविवारी आणि म्हणून तुझा विश्वास बसला नाही. तुझं काही चुकलं नाही रे. मी ते करू शकते. आता मलाही कळलं, मी ते अगदी तुझ्यासारखंच करू शकते.

पण बुवांशी मी खोटं बोलले, मामा. तुझ्याशी नाही बोलले. कोंबडा तुझ्या हाताने गेला पलीकडे.